दोन गाण्यांच्या मधले बोलणे: जे. टिलमन ते फादर जॉन मिस्टी

वळचण (धागाकर्ता)

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये फादर जॉन मिस्टी या अमेरिकी गीतकार-गायकाचा अल्बम आला आणि त्याचे नाव होते 'महाश्मशान'. रोमन अक्षरांत लिहिलेला तो शब्द आपल्याकडचा आहे हे ध्यानात यायला मला क्षणभर वेळ लागला. त्याचे शीर्षकगीत नऊ मिनिटांहून मोठे आहे. चर्चगेटला धीम्या लोकलमध्ये ते सुरू केले की मुंबई सेंट्रल येईपर्यंत पुरते, आणि वाटेत मरीन लाइन्स सोडल्यावर उजव्या हाताला चंदनवाडीचे स्मशान लागते. त्या प्रवासात जे मनात घोळत राहिले ते इथे मांडतो आहे. हा माणूस मी त्याच्या आधीच्या नावापासून ऐकत आलो आहे आणि त्याच्या नामांतराविषयी सर्वसाधारणपणे जे लिहिले जाते ते मला अपुरे वाटते.

त्याचे मूळ नाव जॉश टिलमन. जन्म १९८१ चा, मेरीलँड राज्यातील रॉकव्हिल गावचा. घर कडव्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती वळणाचे होते. लहानपणी धार्मिक संगीताखेरीज दुसरे काही कानावर पडू नये अशी व्यवस्था होती, आणि सतराव्या वर्षी बाहेरचे संगीत ऐकण्याची परवानगी मिळाली तीसुद्धा आशय आध्यात्मिक असेल तरच, म्हणून बॉब डिलनच्या ख्रिस्ती काळातील अल्बमपासून त्याची सुरुवात झाली. पुढे तो न्यूयॉर्क राज्यातील एका ख्रिस्ती महाविद्यालयात गेला, ते अर्ध्यावर सोडले आणि विशीच्या आरंभी सिॲटलला पोहोचला.

२००४ ते २०१० या काळात त्याने 'जे. टिलमन' या नावाने आठ अल्बम काढले. सुरुवातीचे फारच थोड्या प्रतींत निघाले. २००९ साली त्याचे दोन अल्बम आले, त्यांतला पहिला माटुंग्याच्या वसतिगृहात एका मित्राच्या हार्ड डिस्कमधून माझ्याकडे आला. एक अकूस्टिक गिटार, कुजबुजीच्या जवळ जाणारा आवाज, अगदी संथ लय आणि बायबलच्या वळणाच्या प्रतिमा. रात्री दिवा घालवून ऐकावे असे ते संगीत होते आणि मी ते तसेच ऐकले. त्याच सुमारास, २००८ मध्ये, तो फ्लीट फॉक्सेस या सिॲटलच्या गाजलेल्या बँडमध्ये ड्रमवादक म्हणून दाखल झाला. २०११ चा त्यांचा दुसरा अल्बम झाला, आणि जानेवारी २०१२ मध्ये टोकियोच्या कार्यक्रमानंतर त्याने तो बँड सोडला.

आता मुख्य मुद्दा. जे. टिलमनच्या कार्यक्रमांविषयी त्याने मुलाखतींमधून जी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्यात मला या साऱ्या प्रकरणाचे मूळ दिसते. दोन गाण्यांच्या मधे तो श्रोत्यांशी बोलत असे, आणि त्या बोलण्यात लोक रमत, हसत, सावरून बसत. मग तो पुढचे गाणे सुरू करी आणि सभागृह पुन्हा मलूल होई. गाण्यांत जो माणूस होता तो बोलण्यात नव्हता, आणि बोलण्यात जो होता त्याला गाण्यांत जागा नव्हती. सिॲटल सोडून एका व्हॅनमधून तो किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघाला, त्या काळात त्याने एक कादंबरी लिहायला घेतली, आणि तो बोलणारा आवाज प्रथम त्या गद्यात उतरला. लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमध्ये मुक्काम पडल्यावर तोच आवाज गाण्यांत आला. २०१२ साली सब पॉप या कंपनीने 'फिअर फन' हा अल्बम फादर जॉन मिस्टी या नावाने काढला आणि ती कादंबरीही त्यासोबत छापून दिली.

हे नाव म्हणजे रंगमंचावरचे एक सोंग आहे, एक वेगळे पात्र आहे, असे लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याने स्वतः ते अनेकदा नाकारले आहे. नाव निरर्थक आहे आणि जन्मनाव तरी कुठे आपण निवडलेले असते, असा त्याचा रोख असतो. मला तो पटतो, आणि मी त्याच्याही एक पाऊल पुढे जाईन. सोंग आधीचे होते. 'जे. टिलमन' हा गंभीर, दुखावलेला, मंद आवाजाचा गायक हीच त्याने घेतलेली भूमिका होती, आणि ती खऱ्या नावाखाली होती म्हणूनच तिला सोंग म्हणून कोणी ओळखले नाही. खोटे नाव घेतल्यावर तो स्वतःच्या बोलीत गाऊ लागला. इथल्या जाणकारांना हे कसे वाटते ते वाचायला आवडेल.

सूरपारंबी

धागा मनापासून आवडला, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. आधीच्या आठ अल्बमांना सोंग म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. माणूस पंचविशीत जे गातो ते पस्तिशीत त्याला परके वाटू शकते, म्हणून ते खोटे ठरत नाही. त्या कुजबुजणाऱ्या गाण्यांमध्ये एका धर्मनिष्ठ घरातून बाहेर पडलेल्या मुलाचे एकटेपण आहे आणि ते मला आजही ऐकवते.

दुसरे, नावाला तुम्ही फार श्रेय देत आहात. २०१२ च्या अल्बममध्ये बदललेले सगळ्यांत मोठे तत्त्व म्हणजे गळा. चार वर्षे फ्लीट फॉक्सेसच्या बहुस्वरी गायनात आपला स्वर मिसळल्यावर तो मोकळ्या, भरलेल्या आवाजात गाऊ लागला. शिवाय निर्मितीत जोनाथन विल्सन होता, ज्याला लॉरेल कॅन्यनच्या सत्तरीच्या दशकातल्या नादाची जाण आहे. ताल आला, पियानो आला, कोरस आला. हीच गाणी 'जे. टिलमन' या नावाने निघाली असती तरी ती तितकीच चांगली असती.

आणि उलट दिशेचे उदाहरण पाहा. अमेरिकी गायक बिल कॅलहन वर्षानुवर्षे 'स्मॉग' या नावाने गात होता आणि २००७ पासून स्वतःच्या जन्मनावाने गाऊ लागला. माझ्या कानाला तो त्यानंतर अधिक निवांत आणि अधिक पारदर्शी झाला. म्हणजे एकाला टोपणनाव घेतल्याने मोकळीक मिळते, तर दुसऱ्याला ते टाकल्याने. मग कारण नावात कसे असेल? विल ओल्डहॅम या दुसऱ्या गायकाने तर पॅलेस ब्रदर्स, पॅलेस म्युझिक, स्वतःचे नाव अशी वळणे घेत १९९९ मध्ये बॉनी 'प्रिन्स' बिली या नावाने जो अल्बम दिला, त्याचे शीर्षकगीत पुढच्याच वर्षी जॉनी कॅशने गायले. पण त्या गाण्यातला अंधार त्याच्या आधीच्या नावांतही होताच.

आजोळ

मी इंग्रजी गाणी फार ऐकत नाही. नातीने हा धागा वाचायला दिला म्हणून लिहिते आहे. नाव बदलून गाणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, त्याबद्दल थोडेसे.

लता मंगेशकरांनी १९६० च्या 'रामराम पाव्हणं' या चित्रपटाला स्वतःच्या नावाने संगीत दिले. त्यानंतर 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून 'आनंदघन' हे नाव आले. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन कोण हे साऱ्यांना कळले. ज्या बाईच्या नावाला देशभर मान होता तिला ते नाव बाजूला ठेवावेसे वाटले, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्या चाली ऐकताना 'लताबाईंच्या चाली' असे मनात आणून कोणी ऐकल्या नाहीत, नुसत्या चाली म्हणून ऐकल्या. तुमच्या टिलमनला कोणी फारसे ओळखत नव्हते आणि लताबाईंना सगळे ओळखत होते; गरज दोघांचीही एका परीने तीच असेल.

दुसरी आठवण गडकऱ्यांची. कविता गोविंदाग्रज या नावाने, विनोद बाळकराम या नावाने आणि नाटके राम गणेश गडकरी या नावाने. चिं. त्र्यं. खानोलकरांनीही कविता 'आरती प्रभू' या नावाने लिहिल्या आणि कादंबऱ्या, नाटके स्वतःच्या नावाने. आमच्या शाळेतल्या बाई म्हणत असत की गोविंदाग्रज रडतो तेव्हा बाळकरामाला खोलीबाहेर थांबावे लागते. तुम्ही लिहिलेले 'दोन गाण्यांच्या मधले बोलणे' वाचले आणि मला त्यांचे ते वाक्य आठवले.

वळचण

आजोळ, तुमच्या बाईंच्या त्या एका वाक्याने माझ्या मुद्द्याला मला न सापडलेली मांडणी दिली, याबद्दल मनापासून आभार. गडकऱ्यांनी शोक आणि विनोद यांना दोन नावे दिली आणि दोघांची खोली वेगळी ठेवली. टिलमनकडे 'जे. टिलमन' हा गोविंदाग्रज होता, आणि बाळकराम गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, नावावाचून, उभा होता. नव्या नावाने त्याने दोघांना एका खोलीत आणले. फादर जॉन मिस्टीच्या कोणत्याही चांगल्या गाण्यात एकाच ओळीत हसू आणि धास्ती असते. 'फिअर फन'मधले हॉलिवूडच्या प्रसिद्ध दफनभूमीवरचे गाणे घ्या: आजोबांच्या अंत्यविधीचा प्रसंग आहे, प्रेयसी बरोबर आहे आणि लोक काय म्हणतील ही चिंता आहे. हे त्याच्या आधीच्या नावाखाली बसले नसते.

सूरपारंबी, गळ्याविषयी तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे; ते मी लिहायला हवे होते. 'सोंग' हा शब्दही मागे घेतो, कारण त्यात नसलेला आरोप येतो. पण 'हीच गाणी आधीच्या नावाने निघाली असती तरी' या वाक्याशी मी अडतो, कारण ती गाणी आधीच्या नावाने लिहिली गेली असती असे मला वाटत नाही. २०१७ च्या अल्बममध्ये त्याचे एक तेरा मिनिटांचे गाणे आहे, ध्रुवपद नसलेले, दहा कडव्यांचे. शेवटच्या कडव्यांपैकी एकात तो लहानपणची आठवण सांगतो: दुकानात आईबरोबर असताना गोळी घशात अडकली, श्वास कोंडला, आई ओरडते आहे आणि दुकानातल्या स्पीकरवर फ्लीटवुड मॅक या बँडचे गाणे वाजते आहे. संगीताची त्याची पहिली आठवण ही अशी मरणाला चिकटलेली आहे. आठ अल्बम खऱ्या नावाने काढून जी गोष्ट त्याला अशी सांगता आली नाही, ती नव्या नावाने सांगता आली.

शिवाय जुने नाव त्याने पुरले नाही. २०१५ च्या अल्बममधल्या एका गाण्याच्या शीर्षकातच जॉश टिलमन पाहुणा म्हणून येतो. २०१८ च्या एका गाण्यात हॉटेलचा कारकून त्याला 'मिस्टर टिलमन' म्हणून हाक मारतो आणि त्याची हलाखी नम्रपणे त्याच्यापुढे वाचून दाखवतो. नवे नाव गाते आणि जुन्या नावाला प्रश्न विचारले जातात. बिल कॅलहनच्या बाबतीत हे झाले नाही, एवढा फरक माझ्या मते महत्त्वाचा आहे.

रात्रपाळी

या सगळ्या चर्चेत एक नाव यायला हवे होते. एलिझाबेथ ग्रँट नावाची न्यूयॉर्कची मुलगी लिझी ग्रँट या नावाने गात होती. २०१० मध्ये तिचा एक अल्बम डिजिटल स्वरूपात निघाला आणि लवकरच बाजारातून काढून घेतला गेला. २०११ मध्ये ती लाना डेल रे म्हणून जगासमोर आली, आणि तिच्या जुन्या नावाच्या चित्रफिती शोधून काढून लोकांनी तिला बनावट ठरवले. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या तिच्या एका कार्यक्रमानंतर जी टीका झाली, तिच्यात गाण्यापेक्षा नावाविषयीच जास्त बोलले गेले. त्याच वर्षी टिलमनने नवे नाव घेतले, तेव्हा त्याच्या कायापालटाचे कौतुक झाले. स्त्रीने नाव बदलले की ती काहीतरी लपवते आहे, आणि पुरुषाने बदलले की त्याला काहीतरी सापडले आहे, असे धरून चालण्याची ही सवय मला खटकते.

आपल्याकडे तर गायिकांची नावे बदलणे लग्नाच्या निमित्ताने सहज घडत आले. ज्योत्स्ना भोळे आधी दुर्गा केळेकर होत्या, माणिक वर्मा आधी माणिक दादरकर होत्या. त्यांना कोणी बनावट म्हटले नाही, आणि त्यात त्यांची स्वतःची निवड किती होती हेही कोणी विचारले नाही.

नोंद म्हणून सांगते: लाना आणि मिस्टी यांचे सख्य आहे. २०२३ च्या तिच्या अल्बममध्ये तो तिच्याबरोबर गायला. ज्या दोघांच्या नामांतराला इतका वेगळा न्याय मिळाला त्यांनी एकमेकांबरोबर गावे, हे मला फार बरे वाटते.

ठेका

मी दादरला राहतो, दिवसा नोकरी करतो आणि सहा वर्षे स्वतःची गाणी लिहून गातो आहे. आधी इंग्रजी, आता मराठी. नाव बदलावे का हा प्रश्न माझ्यापुढे प्रत्यक्ष आहे, म्हणून त्याची व्यवहाराची बाजू मांडतो.

स्ट्रीमिंगवर नवे नाव म्हणजे नवा कलाकार. जुन्या पानावर जमलेले श्रोते आपोआप येत नाहीत. यंत्रणेच्या लेखी तुम्ही कालच जन्मलेले असता. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो नावाला चिकटलेला नसून मुद्रणाला चिकटलेला असतो, एवढाच दिलासा. गीतकार म्हणून मिळणारे मानधन मात्र वेगळ्या मार्गाने येते. १९६९ पासून मुंबईत काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे सदस्यत्व कायदेशीर नावाने होते आणि टोपणनावे त्याखाली नोंदवता येतात. नाव कोणतेही छापा, पैसे त्याच माणसाकडे येतात. टिलमनचेच पाहा: २०१६ मध्ये बियॉन्सेच्या आणि लेडी गागाच्या अल्बममधील गाण्यांना त्याने हातभार लावला, तेव्हा श्रेयात मिस्टी नव्हे, जॉश टिलमन हेच नाव आहे.

कायद्यातही टोपणनावाची दखल आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, आणि त्या मुदतीत खरा कर्ता उघड झाला तर तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत जातो. म्हणजे पूर्ण अज्ञात राहिले तर वारसांचे नुकसान होऊ शकते. जे नवे नाव घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी हे एकदा समजून घ्यावे.

पण मला अडवणारे कारण यांतले एकही नाही. लोअर परळच्या एका छोट्या ठिकाणी गेल्या पावसाळ्यात गायलो, तेव्हा एका श्रोत्याने उतरताना सांगितले की गाण्यांपेक्षा तुमचे मधले निवेदन आवडले. मला ते लागले होते. हा धागा वाचल्यावर त्या वाक्याकडे मी प्रथमच नीट पाहिले.

शब्दवेल्हाळ

'महाश्मशान' या शब्दाविषयी थोडे. मराठीत आपण 'स्मशान' लिहितो, संस्कृतात 'श्मशान'. त्याने मूळ रूप घेतले आहे. पण हा शब्द केवळ 'मोठे स्मशान' एवढाच नाही, ते काशीचे एक नाव आहे. पुराणांत त्या नगरीला अविमुक्त, रुद्रवास, आनंदकानन आणि महाश्मशान अशी नावे आहेत. जिथे चिता विझत नाहीत त्याच जागेला आनंदाचे वनही म्हटले आहे, आणि एका नावाने दुसरे खोडले जात नाही. लॉस एंजेलिसच्या दफनभूमीपासून नवे नाव सुरू करणारा गीतकार बारा वर्षांनी या शब्दापाशी यावा, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटते. त्याच्या शीर्षकगीतातले तंतुवाद्यांचे ते भरते मी आता काशीचा घाट डोळ्यांसमोर ठेवून ऐकणार आहे.

सूरपारंबी

हे फार सुंदर. माझा आक्षेप अंशतः कायम आहे, कारण जुने अल्बम ऐकावेत असा माझा आग्रह आहेच. पण एकाच जागेची दोन नावे एकमेकांना खोडत नाहीत, हे मी टिलमनच्या दोन नावांनाही लावेन. आज रात्री २००९ चे दोन्ही अल्बम आणि 'महाश्मशान' एकापाठोपाठ ऐकतो आहे.

आजोळ

ठेका, तुम्ही नाव बदला किंवा बदलू नका, पण ते मधले बोलणे एकदा चालीत बसवून पाहा. कीर्तनकार हे रोज करतात. गद्य कुठे संपले आणि पद कुठे सुरू झाले हे श्रोत्याला कळतसुद्धा नाही.

ठेका

आजोळ, तुमचे ऐकले. आई पहाटे चारला उठून डबे भरायची, ती हकिकत मी एका गाण्याआधी नेहमी सांगतो. ती आता त्या गाण्याचे दुसरे कडवे केली आणि रविवारी माहीमला मित्राच्या घरी सहा जणांसमोर गायलो. दोनदा लय सुटली. बोलताना मी श्वास कुठे घेतो हे मला आजवर ठाऊकच नव्हते. त्या जागांवर वहीत पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. नाव अजून ठरलेले नाही, तोवर गाणे जुन्याच नावाखाली आहे.